निवाससंशोधन, मुंबईतील

माणसे कोणत्या घरांत, किती जागेत, कोणाबरोबर व कशा रीतीने राहतात आणि कालमानाने त्यांत कोणते बदल होत जातात, याच्या पद्धतशीर अभ्यासास निवाससंशोधन म्हणता येईल. या अभ्यासाची दोन अंगे आहेत. घराची बांधणी, क्षेत्रफळ, भाडे, मालकी, पाणी व उजेड यांची मोजदाद हे एक अंग होय; त्या घरात प्रत्यक्ष राहणाऱ्यांचे झोपणे, स्वयंपाक, बाळंतपण, शेजार, गावाकडील संबंध यांचा शोध हे दुसरे. पहिले अंग मोजपट्टीने व नोंदवहीने हाती येते. दुसऱ्यासाठी पाहावे लागते, विचारावे लागते आणि पुष्कळदा थांबून राहावे लागते. भारतातील ज्या शहरांत अशा संशोधनाला दीर्घ परंपरा आहे, त्यांत मुंबईचे स्थान महत्त्वाचे आहे. या परंपरेचे एक वैशिष्ट्य असे, की प्रत्येक काळात मोजणीसाठी जे एकक निवडले गेले (खोली, चूल, झोपडी किंवा चटईक्षेत्र), त्याच्याच हिशोबाने घरे पाडली वा बांधली गेली. त्या एककात न मावलेल्या राहणीची दखल पाहण्यांनी उशिरा घेतली आणि धोरणांनी त्याहून उशिरा.

चाळ : या संशोधनाचा मुख्य विषय दीर्घकाळ चाळ हाच राहिला. एकापुढे एक असे एकखोली किंवा दोनखोली गाळे, त्यांच्यासमोरून जाणारी लांब गॅलरी अथवा मधला बोळ, सामाईक जिना, सामाईक नळ व मजल्याच्या टोकास सामाईक संडास, अशी चाळीची सर्वसाधारण रचना असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा, पुणे इ. जिल्ह्यांतून येणाऱ्या कामगारांसाठी खाजगी मालकांनी परळ, लालबाग, भायखळा, गिरगाव या भागांत चाळी उभारल्या. काही गिरणीमालकांनीही त्या बांधल्या. परंतु बहुसंख्य कामगार खाजगी मालकांचे भाडेकरू वा पोटभाडेकरू होते. ज्यांना चाळीतही जागा मिळत नसे किंवा जातीमुळे दिली जात नसे, ते झावळ्यांच्या व रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्याच्या खोपटांत राहत. चाळींच्या पाहण्यांत या खोपटांचा उल्लेख येतो, मात्र तो बहुधा थोडक्यात उरकलेला असतो.

रोग, उजेड व हवा : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. डॉ. व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले आणि पुढील काही महिन्यांत शहरातील घरांची जेवढी तपासणी झाली, तेवढी त्यापूर्वी कधीही झाली नव्हती. या तपासण्यांमागे संशोधनापेक्षा धाक अधिक होता. घरे जंतुनाशकांनी धुऊन काढणे, उजेड येण्यासाठी छपरावरील कौले उतरविणे, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी आद्याक्षरांची खूण रंगविणे असे उपाय सक्तीने योजले जात. तथापि घराचा अंधार व दाटी यांचा मृत्यूशी संबंध आहे, हा विचार याच तपासण्यांमुळे शासनात रुजला. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ साली ७,७६,००६ पर्यंत उतरली होती. मृत्यू आणि पलायन ही दोन्ही या घसरणीची कारणे होत.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शहर सुधार न्यासाने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम हाती घेतले. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड-हवेचा प्रश्न भूमितीत बसविला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून या इमारतीच्या पायथ्यापर्यंत येणारी रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करीत असेल, तर तळमजल्यावरील खोलीस पुरेसा उजेड मिळत नाही, असे त्यांचे सूत्र होते. सोप्या भाषेत, दोन इमारतींमधील मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी असावी. मुंबईच्या गृहरचनेत वैज्ञानिक मोजमापाचा असा नियम आणण्याचा हा सुरुवातीचा व मोलाचा प्रयत्न होता. त्याची दुसरी बाजू अशी, की पाडलेल्या वस्त्यांतील लोक कोठे गेले, याचा शोध त्या मानाने कमी घेतला गेला. कामाच्या ठिकाणाजवळ राहणे त्यांना भाग असल्याने ते शेजारच्याच गल्ल्यांत शिरले व तेथील दाटी वाढली. न्यासाने पुढे स्वतःच्या चाळीही बांधल्या. परळ येथील न्यासाच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहत होते.

खोली व चूल : १९११ च्या जनगणनेत शहरातील दर दहा रहिवाशांपैकी सु. सात एकखोली गाळ्यांत राहत असल्याचे आढळले. अशा खोलीत सरासरीने साडेचार माणसे होती. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केल्यावर कामगार-कुटुंबांच्या जमाखर्चाची जी पाहणी (१९२१-२२) झाली, तीत पाहणीतील शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे दिसून आले. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईतील श्रम व घरे यांविषयीचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार, त्याचे वेतन आणि त्याचे घर यांचा एकत्रित विचार करणारा तो पहिल्या काही ग्रंथांपैकी एक होय.

याच सुमारास गिरण्यांतील स्त्री-कामगारांच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी सरकारने एका स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली होती. तिच्या निवेदनातील एक नोंद पुढे अनेक ग्रंथांत उद्धृत झाली. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर सु. १५ × १२ फूट आकाराच्या एकाच खोलीत तिला सहा कुटुंबे आढळली. ही गोष्ट प्रथमदर्शनी खरी वाटण्याजोगी नव्हती. परंतु जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली होत्या. लहानमोठी मिळून तीस माणसे त्या खोलीत राहत होती आणि तेथील सहापैकी तीन स्त्रियांचे दिवस भरत आले होते. या नोंदीचे महत्त्व तिच्या भीषणतेपुरते मर्यादित नाही. खोली मोजली असती, तर एक गाळा एवढीच नोंद झाली असती. चुली मोजल्यामुळे सहा संसार दिसले. एका स्वयंपाकघरातील अन्न खाऊन एकत्र राहणारे ते कुटुंब, ही जनगणनेतील कुटुंबाची व्याख्याही मुळात चुलीवरच उभी आहे.

चुलीचे हे एकक दुसऱ्या टोकास मात्र तोकडे पडते. १९२१ साली मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सु. ५२५ होत्या. बायकामुले गावी ठेवून एकट्याने राहणाऱ्या कामगारांपैकी पुष्कळजण एकाच गावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत राहत. अशा खोलीत प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीशी एक ट्रंक आणि वळकटी. एका पाळीचे लोक कामावर गेले, की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर पथारी टाकीत. उन्हाळ्यात गॅलरी, गच्ची व रस्त्याकडेची पदपथाची कड ही झोपण्याचीच जागा असे. खोलीत चूल नसे. जेवण खाणावळीत होई आणि खाणावळ म्हणजे बहुधा शेजारच्याच चाळीतील एखाद्या स्त्रीचे घर. तीच बाई पैशांची उधारी सांभाळी आणि खाडे झालेल्या महिन्यातही ताट बंद करीत नसे. या खाणावळवाल्या स्त्रिया आकडेवारीत कामकरी म्हणून क्वचितच दिसल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून त्यांना संघटित केले व बँकांचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा गिरणगावच्या राहणीतील हा आधारस्तंभ सार्वजनिक चर्चेत आला.

बालमृत्यूचे आकडे हे या काळातील संशोधनाचे दुसरे बोलके उदाहरण. १९२१ साली एकखोली गाळ्यांत जन्मणाऱ्या मुलांपैकी हजारी आठशेहून अधिक वर्षाच्या आत दगावतात, तर चार वा अधिक खोल्यांच्या घरांत हे प्रमाण हजारी सु. १३३ आहे, असे आकडे प्रसिद्ध झाले. दाट वस्तीचा दाह त्यांत निश्चित आहे. तथापि आकडा जसाच्या तसा घेता येत नाही, हेही अभ्यासकांच्या लक्षात आले. पुष्कळ स्त्रिया पहिल्या बाळंतपणासाठीच नव्हे, तर प्रत्येक बाळंतपणासाठी गावी जात. जन्माची नोंद गावी होई. मूल घेऊन ती परतल्यावर ते दगावले, तर मृत्यूची नोंद मुंबईत. भाजक म्हणून धरलेले जन्म कमी व भागिले जाणारे वस्तीतील मृत्यू अधिक, अशा हिशोबाने प्रमाण फुगते. एकखोली गाळ्यांतील लोकच गावाशी सर्वाधिक बांधलेले असल्याने ही चूक त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी होई. चाळीतील कुटुंब एकाच वेळी दोन घरांत राहते, ही गोष्ट अशा रीतीने एका सदोष आकड्यातून पुढे आली.

पन्नास हजार खोल्यांची योजना : गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० मध्ये मुंबई विकास विभाग स्थापन झाला. ५०,००० खोल्या बांधण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसविण्यात आली. प्रत्यक्षात वरळी (१२१), नायगाव (४२), डिलाइल रोड म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग (३२) व शिवडी (१२) अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. लोकांच्या तोंडी त्या बी. डी. डी. चाळी म्हणूनच राहिल्या. सिमेंट काँक्रीटच्या, तळमजला अधिक तीन मजले असलेल्या या इमारतींत मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना मिळून प्रत्येक मजल्यावर २० याप्रमाणे ८० खोल्या आहेत. खोलीचे क्षेत्रफळ सु. १६० चौ. फूट.

घरांची टंचाई एवढी तीव्र असताना या चाळींतील, विशेषतः वरळीतील, फार मोठ्या संख्येने खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या. टीकाकारांना ही गोष्ट कोड्यासारखी वाटली. कामगारांना तसे वाटण्याचे कारण नव्हते. वरळी त्या काळी गिरण्यांपासून दूर, बाजार व दुकाने यांपासून तुटलेली होती. पहाटेची पाळी पायी गाठणाऱ्यास अर्धा कोसही महत्त्वाचा असतो. खाजगी चाळीत भाडे थकले तरी मालकाचा माणूस ओळखीचा असे आणि गावकऱ्यांच्या शब्दावर निभावून जाई. सरकारी खोलीचे भाडे अधिक आणि वसुली कडक. शिवाय नोकरी लावून देणारा जॉबर, उधारी देणारा वाणी, खाणावळ व गावकीची खोली ही सर्व जुन्या मोहल्ल्यात होती. खोली आणि लोक यांचे गणित जुळले होते, राहण्याचे जुळले नव्हते. सविनय कायदेभंगाच्या काळात १९३० साली वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. पुढे लोकवस्ती सरकत गेली, वाहतूक सुधारली आणि या चाळी भरल्या. इतक्या, की शतकाच्या उत्तरार्धात त्या मुंबईतील कामगार-चळवळीचे व दलित चळवळीचे गड मानल्या जाऊ लागल्या. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने (अहवाल १९३१) कामगारांच्या घरांची जी चर्चा केली आहे, तीत मुंबईच्या या अनुभवाचा विचार झालेला आहे.

पॅट्रिक गेडिस यांची भूमिका या सर्व मोजणीहून भिन्न होती. १९१४ मध्ये भारतात आलेल्या या नगररचनाकाराने १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे अध्यापन केले. औषधापूर्वी निदान आणि निदानापूर्वी वस्तीतून पायी हिंडणे, असा त्यांचा आग्रह असे. सरसकट पाडापाडीऐवजी अगदी आवश्यक तेथेच थोडे छेद द्यावेत, अंगणे, झाडे, विहिरी व देवळे राखावीत, असे त्यांनी मुंबई इलाख्यातील नगरांसाठी लिहिलेल्या अहवालांत सुचविले. त्यांच्या सूचना अंमलात फारशा आल्या नाहीत. मात्र घर हे वस्तीपासून सुटे करून अभ्यासता येत नाही, ही दृष्टी विद्यापीठीय संशोधनात टिकून राहिली. पुण्यात धनंजय गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने केलेल्या शहर-पाहणीचे (पहिला खंड, १९४५; दुसरा, १९५२) येथे स्मरण ठेवावयास हवे. वाड्यांचे गाळ्यांत झालेले विभाजन व त्याबरोबर बदललेला कुटुंबांचा व्यवहार समजून घेण्यास हा पाहणीग्रंथ अजूनही उपयोगी पडतो.

भाडेनियंत्रणाचे युग : १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूस त्यामुळे खरे संरक्षण मिळाले, हे विसरता येत नाही. परंतु भाडे स्थिर आणि दुरुस्तीचा खर्च चढता, अशा स्थितीत मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. जागेचा खरा व्यवहार भाडेपावतीबाहेर, पगडीच्या रूपाने होऊ लागला. मोडकळीस आलेल्या इमारती पावसाळ्यात कोसळू लागल्यावर १९६९ च्या अधिनियमानुसार दुरुस्ती मंडळ स्थापण्यात आले व जुन्या इमारतींवर दुरुस्ती-उपकर बसला. अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या त्या वेळी १९,६४२ होती. १९७७ मध्ये हे मंडळ नव्या गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात, म्हणजे म्हाडात, समाविष्ट झाले. भाडेनियंत्रणाचा नवा अधिनियम १९९९ साली संमत झाला.

या काळातील पाहण्यांत डी. टी. लकडावाला व त्यांचे सहकारी यांनी केलेली मुंबई शहराची आर्थिक पाहणी (ग्रंथ, १९६३) विशेष उल्लेखनीय आहे. तिच्यात घर हे उत्पन्न, स्थलांतर व रोजगार यांच्या जोडीने आले. गावाच्या बाजूने पाहणारा हेमलता दांडेकर यांचा सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावाविषयीचा अभ्यास (१९८६) तर चाळीच्या अभ्यासाइतकाच आवश्यक मानला पाहिजे. पुरुष मुंबईत, स्त्रिया गावी, ही विभागणी दोन्ही घरे चालवीत होती. मुंबईच्या खोलीचे भाडे गावच्या शेतीमुळे परवडे आणि गावच्या घराचे कौल मुंबईच्या मनिऑर्डरीने बदलले जाई.

दुसरीकडे दादर, माटुंगा या उपनगरांत १९२० नंतर मध्यमवर्गीयांची स्वयंपूर्ण सदनिका रूढ होत गेली. निखिल राव यांनी या स्थित्यंतराचा जो अभ्यास केला आहे (२०१३), त्यात घरातच संडास असणे या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टीस सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांमुळे किती विरोध होता, हे दिसून येते. भिंतीआडचा संडास आणि बंद दार यांनी शेजाराची व्याख्या पालटली. चाळीत दार बंद असणे ही शेजाऱ्यांनी चौकशी करण्याची बाब असे. सदनिकेत ते उघडे असणे ही.

चाळीतील एकोप्याचे वर्णन करताना साहित्यिकांनी व काही अभ्यासकांनीही क्वचित हात सैल सोडला आहे. पु. ल. देशपांडे यांच्या बटाट्याची चाळ (१९५८) या पुस्तकाने चाळीचे जे चित्र मराठी मनात ठसविले, ते गिरगावातील पांढरपेशा चाळीचे आहे. परळ-लालबागच्या किंवा नायगावच्या खोल्यांना ते सरसकट लावता येत नाही. सामाईक नळावर जातिभेद पाळला जाई, पहिल्या पाण्यासाठी पहाटे उठावे लागे ते बहुशः स्त्रियांनाच, आणि एकांत ही दुर्मिळ वस्तू असे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील रहिवाशांच्या मुलाखतींतून तयार केलेल्या मौखिक इतिहासात (२००४) या दोन्ही बाजू रहिवाशांच्याच शब्दांत आल्या आहेत. आडारकरांनी संपादित केलेला चाळींविषयीचा ग्रंथही (२०११) त्यास पूरक आहे. मुलाखतीची ही पद्धत उशिरा रुळली, याचे नुकसान मोठे झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि ज्यांनी चाळीचा बहराचा काळ पाहिला होता, अशी पुष्कळ माणसे सांगण्याआधीच गावी परतली किंवा निवर्तली.

गणना आणि हक्क : झोपडपट्टीच्या अभ्यासात मोजणीचा अर्थच पालटला. जानेवारी १९७६ मध्ये राज्य शासनाने मुंबईतील झोपड्यांची एकाच दिवशी गणना केली. सु. २८ लाख लोक झोपड्यांत राहत असल्याचे आढळले व नोंद झालेल्यांना ओळखपत्रे देण्यात आली. तेव्हापासून ‘गणनेत नाव आहे की नाही’ यावर पर्यायी घराचा हक्क ठरू लागला. ही तारीख पुढे १९८०, १९८५, १९९५ व २००० अशी सरकत गेली. पूर्वी पाहणी करणाऱ्यापासून पोटभाडेकरू लपविला जाई. आता झोपडीतील प्रत्येक कागद जपून ठेवला जाऊ लागला. संशोधकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हा पुरावा होतो, हे उत्तर देणाऱ्यास ठाऊक असल्याने उत्तरांचे स्वरूपही बदलले. ही अडचण पद्धतीच्या पुस्तकांत थोडक्यात येते. क्षेत्रावर ती पहिल्याच दिवशी भेटते.

या गणनेतही पदपथावर राहणारे सुटले होते. १९८५ मध्ये स्पार्क या संस्थेने पदपथावरील स्त्रियांच्या साहाय्याने त्यांची स्वतंत्र गणना केली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबे नोंदली गेली. त्यांपैकी अनेक कुटुंबे दहा-वीस वर्षे त्याच जागी राहत होती, म्हणजे ‘आज येथे, उद्या तेथे’ हा समज खरा नव्हता. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. पदपथ सोडण्याची सूचना मिळावी असे सांगितले, मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही.

पुनर्विकास : १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून जुन्या चाळींचा व १९९५ पासून झोपडपट्ट्यांचा पुनर्विकास वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाच्या बळावर होऊ लागला. रहिवाशास विनामूल्य घर आणि त्याच्या खर्चासाठी विकासकास विक्रीयोग्य बांधकाम, असे या व्यवस्थेचे सूत्र आहे. पुनर्वसन-सदनिकेचे किमान क्षेत्रफळ २२५ चौ. फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौ. फुटांवर गेले. २०११ च्या जनगणनेतही मुंबईतील निम्म्याहून अधिक कुटुंबे एका खोलीत राहत असल्याने, क्षेत्रफळाची ही वाढ क्षुल्लक म्हणता येणार नाही. संडास व पाणी घरात येणे हा तर स्त्रियांच्या दृष्टीने फार मोठा बदल आहे.

बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे सोपविले गेले. १६० चौ. फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौ. फुटांची सदनिका असे त्याचे प्रमाण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. ज्या पिढीने रिकाम्या चाळी भरल्या, तिच्या नातवंडांना ही घरे मिळाली. या कुटुंबांच्या राहणीत आता काय बदलते, देखभालीचा मासिक आकार कसा पेलतो, गणपती, नाक्यावरची मंडळे व लग्नकार्ये यांना उद्वाहकाच्या इमारतीत कोठे जागा मिळते, हे पाहण्याची संधी आहे. मजल्यावरील बोळात आई कामावर असताना वीस घरांचे लक्ष मुलावर असे. ती सोय क्षेत्रफळाच्या तक्त्यात कधीच नव्हती.

प्रकल्पबाधितांसाठी बांधलेल्या वसाहतींचा अनुभव या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. पूर्व उपनगरांतील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड व पी. एम. जी. वसाहत यांची तुलना करणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून आहेत; काही ठिकाणी त्यांच्यातील अंतर जेमतेम तीन मीटर भरते. या वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण पी. एम. जी. वसाहतीपेक्षा बरेच अधिक आढळले आणि ऊन व वारा कमी पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर धोका विशेष दिसला. येथे घर पक्के आहे, संडास घरात आहे, चूल स्वतंत्र आहे आणि पत्ता कायमचा आहे. ऑर यांच्या साडेत्रेसष्ट अंशांच्या सूत्राने हिशोब केला, तर वीस मीटर उंचीच्या दोन इमारतींमध्ये सु. दहा मीटर जागा मोकळी सोडावी लागते.